अस्ति, नास्ति आणि संगणकाचे ‘हो-नाही’



संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकणाऱ्या मुलाला पहिल्या काही दिवसांतच एक छोटासा डबा भेटतो. संख्या ठेवण्याचा डबा वेगळा, अक्षरांचा वेगळा. या तिसऱ्या डब्यात मात्र दोनच मूल्ये मावतात : ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’, म्हणजे सत्य आणि असत्य. याला ‘बुलियन’ म्हणतात. पाठशाळेत जाणाऱ्या मुलाच्या मनात येथे शंका उठते. रविवारी पाठशाळेत सप्तभंगी, म्हणजे विधानाचे सात प्रकार. आणि सोमवारी संगणकाच्या वर्गात दोनच! मग खरे काय मानावे? ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

बुलियन हे नाव इंग्रज गणिती जॉर्ज बूल (१८१५-१८६४) यांच्यावरून पडले. हा एका चर्मकाराचा मुलगा. विद्यापीठाची पदवी नसताना, केवळ स्वाध्यायाच्या बळावर, १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे गणिताचा प्राध्यापक झाला. विचारांचे नियम बीजगणितात मांडणारा त्यांचा ग्रंथ १८५४ चा. पुढे १९३७ मध्ये क्लॉड शॅनन या तरुण अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, विजेच्या चालू-बंद होणाऱ्या मंडलांना हेच बीजगणित लागू पडते. संगणकाचा पाया तेथे आहे.

तरीही या डब्याला भाषांमध्ये मानाचे स्थान लवकर मिळालेच असे नाही. ‘सी’ या प्रसिद्ध भाषेत तो मुळात नव्हताच; शून्य म्हणजे असत्य, अन्य सर्व सत्य, एवढ्यावर काम भागे. १९९९ च्या प्रमाणकात तो आला. ‘पायथॉन’मध्ये २००३ साली आला, आणि तेथे आजही ट्रू अधिक ट्रू बरोबर दोन होतात. याच पायथॉनमध्ये नवशिका हमखास फसतो. एखाद्याने कळफलकावरून ‘फॉल्स’ हा शब्द टंकित केला आणि त्याचे बुलियनमध्ये रूपांतर केले, तर उत्तर ‘ट्रू’ येते! कारण संगणक शब्दाचा अर्थ पाहत नाही. मजकूर रिकामा नाही, एवढेच पाहतो.

आता मूळ शंका. ‘स्यात्’ चा अर्थ पुष्कळदा ‘कदाचित’ असा सांगितला जातो. तो बरोबर नाही. स्यात् म्हणजे कथंचित्, एका विशिष्ट अपेक्षेने. म्हणूनच आचार्य ‘स्यात् अस्ति एव’ असा ‘एव’ जोडतात. घट स्वद्रव्य, स्वक्षेत्र, स्वकाल, स्वभाव यांच्या अपेक्षेने आहेच. परद्रव्यादिकांच्या अपेक्षेने नाहीच. अपेक्षा एकदा निश्चित झाली की उत्तरही निश्चित. अनेकांताचा आक्षेप दोन उत्तरांना नाही, अपेक्षा न सांगता दिलेल्या उत्तराला आहे.

आज्ञावलीत ही अपेक्षा डब्याच्या नावात राहते. समजा, पर्युषण पर्वातील तपाची यादी संगणकावर करावयाची आहे. नवशिका डब्याला ‘तप’ असे नाव देतो आणि आत ट्रू लिहितो. कोणते तप? उपवास की एकासन? आजचे की कालचे? डबा बोलत नाही. त्याऐवजी ‘आज उपवास आहे’ असे नाव दिले, तर द्रव्य, क्षेत्र, काल, भाव यांपैकी निदान काल आणि भाव तरी पक्के झाले. उद्या दुसरा मुलगा ती आज्ञावली वाचेल, तेव्हा त्याला विचारत बसावे लागणार नाही.

याहून गंभीर चूक वेगळीच आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘वसतिगृह हवे काय?’ असा रकाना आहे, आणि आज्ञावली लिहिणाऱ्याने आरंभीच त्यात फॉल्स भरून ठेवले. खेड्यातील एखाद्या मुलीच्या अर्जातून तो प्रश्न सुटून गेला. यादीत तिच्यापुढे ‘नको’ उमटते. तिला खोली मिळत नाही. तिला कोणी विचारलेच नव्हते, ही गोष्ट तर कोठेच नोंदली जात नाही.

माहितीसाठ्यांच्या ‘एसक्यूएल’ भाषेत यासाठी ‘नल’ असते. त्याच्याशी केलेली तुलना सत्यही ठरत नाही, असत्यही नाही, ‘अज्ञात’ ठरते. येथे काहींना मोह होतो : हेच आपले अवक्तव्य! तसे नाही. अस्ति आणि नास्ति युगपत्, एकाच वेळी, सांगावयाचे तर वाणी अपुरी पडते, म्हणून अवक्तव्य. तेथे अज्ञान नाही. आचार्यांनी संगणक शोधला होता, असे सांगत सुटण्याने त्यांचा मान वाढत नाही. स्याद्वादाची दखल घेणाऱ्या अभ्यासकांनी ती गंभीरपणे घेतली आहे : महालनोबिस यांनी १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या पायासंबंधी लिहिताना, हॉल्डेन यांनी १९५७ मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात.

हिशेबाचे नाते मात्र खरे आहे. अस्ति, नास्ति, अवक्तव्य या तीन मूळ गोष्टी. प्रत्येक विधानात आहे वा नाही. म्हणजे तीन बुलियन डबे, आणि दोन गुणिले दोन गुणिले दोन असे आठ प्रकार. त्यांतील सात म्हणजे सप्तभंगी. आठव्यात तिन्ही डबे फॉल्स आहेत. म्हणजे विधान केलेलेच नाही. त्या मुलीचा अर्ज या आठव्या जागी आहे. त्याच्यासाठी ‘वसतिगृह हवे’ या डब्याच्या आधी ‘विचारले आहे’ असा आणखी एक डबा ठेवावा लागतो, आणि तो फॉल्स असेल तर आज्ञावलीने पुढे न जाता थांबावे.