'आम्ही' म्हणजे कोण?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की माझे तोंड मिटत नाही हे खरे, पण असे उभे राहून, समोर पाण्याचा पेला ठेवून बोलायचे म्हणजे छातीत धडधडते. कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुमची भाची विलायतेत बंबवाल्यांत भरती व्हायला निघाली आहे ना, मग तिचेच सांगा." म्हणून हा धीर केला. चुकले-माकले तर पोटात घाला.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन इंग्लंडात गेली त्याला पंचवीस वर्षे झाली. तिला ही एकच मुलगी. आता तेवीस वर्षांची आहे आणि तिथल्या एका वृद्धनिवासात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याचे काम करते. दीड वर्षापूर्वी तिने घरात सांगितले की मला अग्निशमन दलात जायचे आहे. बहिणीने दोन दिवस अन्न गोड करून घेतले नाही. मला फोन करून म्हणाली, "ताई, तूच सांग तिला. तुझं ऐकते ती." मीही भाचीला पहिल्यांदा तेच बोलले जे तुम्ही कोणीही बोलला असता. मुलीच्या जातीला हे काम आहे का, उद्या तुझे लग्न व्हायचे आहे, वगैरे. पोरीने सगळे ऐकून घेतले आणि मग मला विचारले, "मावशी, हर्षिनी कान्हेकर ठाऊक आहेत का तुला? तुमच्या महाराष्ट्रातल्याच आहेत." मला ठाऊक नव्हत्या. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात २००२ साली त्यांनी प्रवेश घेतला, तोवर तिथे एकही मुलगी शिकलेली नव्हती. आपल्या नागपूरची गोष्ट विलायतेतल्या पोरीने मला सांगावी! मी गप्प बसले.

आपल्याकडे भरती म्हटली की उंची, वजन आणि धावणे एवढेच डोळ्यांपुढे येते. शरीराची परीक्षा तिकडेही आहे आणि ती सोपी नाही. पंचावन्न किलोचा पुतळा काखेत धरून तीस मीटर मागे मागे ओढत न्यायचा. उंच शिडीवर चढून, पाय पायरीत अडकवून दोन्ही हात सोडायचे. डोळ्यांपुढे अंधार करणारा मुखवटा लावून अरुंद बोगद्यातून सरपटत जायचे. हे सगळे तिने पार पाडले. नापास झाली ती मुलाखतीत! घोड्यावरून पडावे ते समजते, पण ही अंगणात येऊन पडली असे मला वाटले.

ही मुलाखत मात्र आपल्या समजुतीतली नव्हे. तिथे दोघे-तिघे अधिकारी समोर बसतात आणि सर्व उमेदवारांना तेच ते प्रश्न विचारतात. नाव काय, वडील काय करतात, असले काही नाही. "तुम्ही अवघड प्रसंगी शांत राहिलात अशी एक वेळ सांगा." "तुमच्याहून वेगळ्या रीतीच्या माणसाशी तुम्हाला जुळवून घ्यावे लागले असा प्रसंग सांगा." "तुमची चूक झाली आणि ती तुम्ही सुधारलीत, असे काही घडले आहे का?" आपण बोलत असताना ते लिहून घेतात आणि प्रत्येक उत्तराला गुण देतात. कोणते गुण पाहायचे त्याची यादी आधीच ठरलेली असते, आणि ती उमेदवारालाही वाचायला मिळते. दलादलाची यादी थोडी निराळी, पण चौघांबरोबर मिळून काम करणे, धीर, आजूबाजूला काय चालले आहे त्याचे भान, नीट सांगता-ऐकता येणे, नवे शिकण्याची आणि मत बदलण्याची तयारी, सचोटी, अशा गोष्टी बहुतेक ठिकाणी असतात. "मी असे करीन" या उत्तराला फारशी किंमत नाही. "मी असे केले" हे पाहिजे. पुढे काय करशील ते मागे काय केलेस त्यावरून ताडायचे, असा त्यांचा हिशेब आहे. मुलगी पाहायला जाताना आपण तिच्या शेजारणीला विचारतो, त्यातलाच हा प्रकार.

नापास झाल्यावर तिने कारण विचारले, तेव्हा कळले की तिच्या सगळ्या उत्तरांत 'आम्ही, आम्ही' एवढेच होते. तिने स्वतः काय केले ते त्यांना शेवटपर्यंत समजले नाही.

मग तिने माझ्याबरोबर तयारी करायचे ठरवले. मला हसू आले. मी सातवी शिकलेली, इंग्रजी म्हटले तर पाटी वाचण्यापुरते. पण ती म्हणाली, "म्हणूनच तू पाहिजेस. तुला मराठीत समजलं तर त्यांना इंग्रजीत समजेल." तिच्या संध्याकाळच्या साडेपाचला आपले रात्रीचे दहा वाजतात. मागचे आवरून, दूध विरजून मी फोन पुढ्यात उभा करायची आणि तिने पाठवलेल्या प्रश्नांतला एक विचारायची.

पहिल्याच रात्री तिने वृद्धनिवासातली हकीकत सांगितली. रात्रपाळीला असताना धोक्याची घंटा वाजली. "आम्ही सगळ्या आजी-आजोबांना पलीकडच्या भागात नेलं." संपली गोष्ट. मी म्हटले, "आम्ही म्हणजे कोण गं? तू काय केलंस?" पोरगी गप्प. मग हळूहळू एकेक बाहेर येऊ लागले. म्हाताऱ्या माणसांना एकदम जिन्याकडे न्यायचे नसते. आग अडवणारी जाड दारे असतात, त्यांतल्या पुढच्या दारापलीकडे आधी न्यायचे, हे तिला शिकवलेले होते. तिच्याबरोबरची बाई नवी होती, ती गोंधळून जिन्याकडे वळली, तिला हिने नाव घेऊन हाक मारली आणि दार दाखवले. एक आजी खोलीतून हलेचना. त्यांना ऐकू येत नव्हते, कानातले यंत्र रात्री काढून ठेवलेले. ही त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसली, दिव्याच्या उजेडात आपले ओठ दिसतील असे तोंड धरले आणि सावकाश सांगितले. यजमानांचा फोटो हातात दिला तशा त्या उठल्या. शेवटी नावांची यादी घेऊन सगळी डोकी हिनेच मोजली.

मी म्हटले, "अगं, हे सगळं गाळून तू 'आम्ही नेलं' एवढंच सांगून आलीस?" तर म्हणते, "मावशी, आग कुठे लागली होती? स्वयंपाकघरात कोणाचा तरी पाव करपला होता. त्यात काय सांगायचं?"

आता यात पोरीची चूक नाही. तिच्या आईने तिला आपल्याच रीतीने वाढवले. आपल्या घरात 'मी केले' म्हणणारी बाई चढेल ठरते. पुरणपोळी उत्तम झाली तरी आपण म्हणतो, 'छे, कणीक जरा सैल झाली.' पण तिथे टेबलापलीकडे बसलेल्या माणसाने तुम्हाला पूर्वी कधी पाहिलेले नसते, आणि गुण द्यायचे ते तुमच्या तोंडून आलेल्या शब्दांवरच. दुसऱ्या बाजूने, सगळे मीच केले असे म्हणूनही भागत नाही. श्वासाचे यंत्र लावून धुरात कोणी एकटे जात नाही, जोडीने जातात. म्हणून आपला वाटा किती आणि दुसऱ्याचा किती, हे खरेखरे वेगळे करून सांगता आले पाहिजे. तांदूळ निवडण्यासारखे काम आहे. आम्हाला त्यात तीन आठवडे लागले.

गोष्ट सांगायचा एक ठराव तिने केला होता. वेळ कोणती होती हे दोन वाक्यांत, आपल्या माथी काय काम आले ते एका वाक्यात, मग आपण काय काय केले आणि का केले हे सर्वांत जास्त, आणि शेवटी काय निष्पन्न झाले. मी सुरुवातीला तिला अडवीतच नसे, कारण प्रसंगाचे वर्णन ऐकायला मला गोडी वाटे. पुढे लक्षात आले की निम्मा वेळ वर्णनातच जातो. तेव्हा मी घड्याळ घेऊन बसू लागले.

एके रात्री ती म्हणाली, "आज तू सांग, मी विचारते." मी शेजारच्या घरातला तळणाच्या कढईचा प्रसंग सांगितला. आपल्यापैकी पुष्कळजणींना तो माहीत आहे. त्या घरच्या सूनबाई पाण्याची बादली घेऊन धावल्या, ती मी हातातून काढून घेतली, शेगडी बंद केली आणि कढईवर झाकण टाकले. आजवर मी 'देवाच्या कृपेने निभावले' असेच सांगत आले. पण भाची सोडीना. पाणी का नाही टाकलंस? उकळत्या तेलात पाणी पडले की त्याची एकदम वाफ होते आणि जळते तेल उडून छतापर्यंत ज्वाळा जाते, हे मला ठाऊक होते. झाकण कसं ठेवलंस? वरून. म्हणून मनगट भाजले. ते समोरून आडवे सरकवायला हवे होते. मग काय केलंस? इथे मी अडखळले. खरे सांगायचे तर मी लगेच झाकण उचलून पाहिले, आणि तेलाने पुन्हा पेट घेतला. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. तेल निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नसतो. भाची म्हणाली, "मावशी, हेच तर गुण मिळवणारं उत्तर आहे." शिवाय तिने बजावले, की ज्वाळा मोठी असेल तर झाकणाच्या नादी लागायचेच नाही. माणसे बाहेर काढायची, दार ओढून घ्यायचे आणि फोन करायचा. आपल्याकडे आगीसाठी १०१, आणि नुसता गॅस गळत असेल तर १९०६. हे दोन आकडे चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका.

'मत बदलण्याची तयारी' हा गुण मला काही उमगत नव्हता. त्याचा बंबाशी काय संबंध? तेव्हा तिने लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची हकीकत सांगितली. १४ जून २०१७ च्या रात्री त्या चोवीस मजली इमारतीला आग लागली आणि बहात्तर माणसे गेली. असल्या इमारतीत आग एका घरातच अडून राहते, म्हणून बाकीच्यांनी आपापल्या घरात थांबावे, असा तिथला ठरलेला सल्ला होता. पण इमारतीला बाहेरून लावलेले आवरणच पेटले होते. घरात थांबा हा सल्ला लवकर मागे घ्यायला हवा होता, असे चौकशीच्या २०१९ च्या अहवालात म्हटले आहे. शिकवलेले सोडून डोळ्यांना दिसते त्यावर विश्वास ठेवणे किती कठीण, हे ऐकून त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

शेवटच्या आठवड्यात मी तिला यादीतला प्रश्न विचारला, "कोणी तुला विरोध केला आणि तू तो कसा हाताळलास?" तिने आईचीच गोष्ट काढली. "मी आधी आईशी भांडले. ती चूक होती. मग मी तिला विचारलं की तुला नक्की कशाची भीती वाटते. ती म्हणाली, रात्री दार वाजेल याची. मी तिला भीती बाळगू नको म्हणाले नाही. दलाच्या ठाण्यात लोकांसाठी खुला दिवस होता, तिथे तिला घेऊन गेले. तिथल्या एका बाईंना दोन लहान मुलं आहेत. आईला जे विचारायचं ते तिनं त्यांना विचारलं, मी लांब उभी राहिले." मी पुढचा प्रश्न टाकणार, 'निष्पन्न काय झाले', तोच पाठीमागून बहिणीचा आवाज आला. ती स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "ताई, त्या बाईंनी मला सांगितलं की पुष्कळसं काम लोकांच्या घरी जाऊन धुराची घंटा बसवण्याचं असतं. आणि भीती त्यांच्या आईलाही वाटते म्हणाल्या. खोटं नाही बोलल्या." मग तिने पोरीला जेवायला हाक मारली. तिच्या तोंडून त्या विषयावर शांतपणे काढलेले शब्द मी दीड वर्षात पहिल्यांदा ऐकले.

१४ एप्रिलला आपल्याकडे अग्निशमन दिन पाळतात. मुंबईच्या गोदीत १९४४ साली त्या दिवशी जहाजाचा स्फोट होऊन सहासष्ट अग्निशामक गेले, त्यांची ती आठवण. यंदा मी त्या दिवशी देवाजवळ एक जास्तीची वात लावली. बहिणीची भीती खोटी आहे असे मी कधीच म्हणणार नाही.

दुसऱ्या खेपेला भाची मुलाखतीत उतरली. करपलेल्या पावाचीच गोष्ट तिने सांगितली. आता प्रशिक्षणाची तुकडी निघेपर्यंत तिचे नाव यादीत आहे, बोलावणे यायचे आहे. बहीण परवा फोनवर विचारत होती, मोठ्या कढईला झाकण किती इंचांचे घेऊ.

आणखी एक सांगून खाली बसते. आपल्या गल्लीत कोणाच्या मुलीची-सुनेची मुलाखत असेल, मग ती कसलीही असो, तर तिला रात्री दहानंतर माझ्याकडे पाठवा. घड्याळ माझ्याकडे आहे, आणि प्रश्नांचे कागद मी जपून ठेवले आहेत.