बाटलीवरचे साल



गजानन महाराजांच्या या शेगावात, वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आम्ही तांबड्या वाईनवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून पुष्कळांच्या भुवया चढल्या असतील. एका वडीलधाऱ्या मित्राने तर काल स्टेशनावरच गाठून विचारले, "काय हो, युनियनचे काम सोडून कलालाचे दुकान काढता की काय?" त्यांना जे उत्तर दिले तेच प्रथम आपणांस देतो. आम्ही पीत नाही. पगाराच्या रात्री गुत्त्यापुढे नवऱ्याची वाट पाहत उभ्या राहिलेल्या बाया आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत, आणि दारूने मजुराचे काय होते हे आम्हांस कोणी सांगावे लागत नाही. तेव्हा आजचे बोलणे पिण्याविषयी नाही. एखाद्या वस्तूला मोल कशाने येते, आणि त्या मोलातला वाटा कोणाच्या हाती पडतो, एवढाच आमचा विषय आहे. त्याला वाईनचा दाखला फार चांगला लागू पडतो, म्हणून ती घेतली.

आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण जिनिंगमध्ये रुईच्या गाठींवर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

आपल्याकडे वाईन म्हटली की लोक नाशिकचे नाव घेतात, आणि ते रास्तच आहे. परंतु आज आम्ही आपणांस सोलापूर जिल्ह्यात, अकलूजकडे नेणार आहोत. तेथे माळशिरस तालुक्यात मोटेवाडीच्या माळावर 'फ्रातेल्ली' नावाची वाइनरी आहे. फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेख्री आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांतल्या भावाभावांनी ती उभी केली, आणि वाईन घडविण्यासाठी इटलीच्या तोस्काना प्रांतातून पिएरो मासी नावाचे जाणकार आणले. भावांच्या तीन जोड्या आणि मासी मिळून सात माणसे. म्हणून त्यांच्या सर्वांत नावाजलेल्या तांबड्या वाईनचे नाव 'सेत्ते', म्हणजे सात. सांजोवेझे आणि काबेर्ने सोविन्यों या दोन जातींच्या द्राक्षांची ती असते.

अशा वाईनच्या बाटलीवर दोन गोष्टी ठळक लिहिलेल्या असतात. एक मळा आणि दुसरे साल. मळा लिहिला की अर्थ असा, की द्राक्षे बाजारातून गोळा केलेली नाहीत, स्वतःच्या शेतातली आहेत. साल लिहिले की अर्थ असा, की त्या वर्षीचे ऊन, पाऊस आणि थंडी यांचा बरावाईट जमाखर्च या बाटलीत आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली आणि ऐन खुडणीच्या तोंडावर द्राक्षबागा झोडपल्या गेल्या, हे आपणांस आठवत असेल. आपल्या शेतकऱ्याचे असे वर्ष सातबाऱ्यावरच्या बोज्यात तेवढे शिल्लक राहते. वाईनवाला मात्र वर्षाचे नाव बाटलीवर छापतो आणि चांगल्या वर्षाचे दाम अधिक घेतो.

आता हे मोल येते कसे ते पाहू. युरोपात थंडीत वेल झोपतो. आपल्याकडे त्याला झोप नाही, म्हणून त्याची दोनदा छाटणी करावी लागते. उन्हाळ्यात एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी, म्हणजे वेलाने काडी तयार करावी. पावसाळा सरता सरता सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, म्हणजे घड धरावेत. जानेवारी ते मार्च खुडणी. आपल्या गावात माघ वद्य सप्तमीला प्रकटदिनाच्या दिंड्या येतात, साधारण त्याच दिवसांत तिकडे घड उतरत असतात. खाण्याच्या द्राक्षात शेतकरी भरघोस माल पाहतो. उत्तम वाईनच्या वेलावरून मात्र हिरवे असतानाच कित्येक घड काढून टाकतात, कारण थोड्या घडांतच रंग, रस आणि आंबटगोडपणा दाट उतरतो. उन्हे चढली की फळाचा आंबटपणा उतरतो आणि रस डब्यातच फसफसू लागतो. म्हणून खुडणी पहाटेच्या गारव्यात उरकायची.

पुढची रीत थोडक्यात अशी. द्राक्षाचा गर बहुधा पांढराच असतो, रंग असतो तो सालीत. म्हणून तांबड्या वाईनसाठी रस सालीसकट आंबवतात. मग तो पिळून ओकच्या लाकडी पिंपांत वर्षभर, कधी त्याहून जास्त, मुरत ठेवतात. एका बाटलीत ७५० मिलिलिटर, आणि तिला किलोभराहून थोडी जास्त द्राक्षे लागतात. २२५ लिटरच्या एका पिंपातून बाटल्या निघतात ३००. आता विचार करा, त्या एका पिंपात पाच-दहा किलो सडके, बुरशी लागलेले घड गेले तर? तिनशेच्या तिनशे बाटल्यांना त्याची चव लागते. नंतर कितीही मोठा जाणकार आणला तरी ती चव काढता येत नाही. म्हणजे त्या बाटलीचा भाव ज्या क्षणी ठरतो, त्या क्षणी तिथे मालक नसतो आणि इटालियन तज्ज्ञही नसतो. तिथे असते कात्री हातात घेतलेली मजूर बाई. हा घड घ्यावा की टाकावा, हे तिने ठरवायचे.

चार वर्षांपूर्वी माघात आम्ही असा एक मळा पाहिला. त्याचे नाव सांगत नाही, कारण आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. पहाटे चारला कपाळावर दिवे बांधून बाया ओळीने निघाल्या. घड हाती धरायचा, उजेडात फिरवून पाहायचा, खराब मणी कात्रीने काढायचे, मग हलक्या हाताने क्रेटमध्ये ठेवायचा. आम्ही एकीला विचारले, "ताई, क्रेटमागे किती देतात?" ती म्हणाली, "क्रेटवर नाही दादा, रोजावर. इथं घाई केली की ओरडतात. उसाला जातो तिथं घाई नाही केली की ओरडतात." त्या एका वाक्यात मजुरीचे सगळे अर्थशास्त्र आहे. जेथे मालकाला वजन हवे तेथे तो वजनावर पैसे देतो. जेथे निवड हवी तेथे त्याला वेळ विकत घ्यावाच लागतो. तो कनवाळू आहे म्हणून हे होत नाही. वजनावर पैसे दिले तर सडका घडही क्रेटमध्ये येणार, हे त्याला ठाऊक असते.

आम्ही तिला हेही विचारले, की एका बाटलीची किंमत माहीत आहे काय? ती हसली. माहीत नव्हती. आम्ही सांगितली. तिच्या पाच दिवसांच्या रोजाएवढी ती होती. ती पुन्हा हसली नाही.

आता आपल्या पऱ्हाटीकडे या. कापूस हेही नाव असलेलेच पीक होते. गेल्याच्या मागल्या शतकात वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊम्रा' म्हणजे उमरावतीचा म्हणून विकला जाई. १८७० साली लॉर्ड मेयो खुद्द खामगावला आले, ते तिथला रेल्वेचा फाटा आणि कापसाचा बाजार उघडण्यासाठी. परंतु त्या नावाला कीर्तीबरोबर अपकीर्तीही होती. कापसात सरकी, माती, पाणी घालण्याचा धंदा हिंदुस्थानच्या कापसात इतका बोकाळला, की मुंबई सरकारला १८६३ साली कापसाच्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. नाव होते, पण नावामागे कोणा एकाची जबाबदारी नव्हती. शंभर घरचा कापूस एका ढिगात, मग लबाडी कोणाची म्हणायची?

आजही तो ढीग तसाच आहे. १७० किलोच्या एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. जिनिंगमध्ये शेगावचा, संग्रामपूरचा, बाळापूरचा कापूस एका पट्ट्यावर पडला की ज्याने निगुतीने वेचला त्याचा आणि ज्याने पाल्यासकट ओरबाडला त्याचा जीव एक होतो. आणि वेचाई देतो आपण किलोवर! भर उन्हात वाकून, बोंडाच्या टोकांनी बोटे सोलून घेत बाई वेचते. तिने वाळका पाला झटकला, कवडी वेगळी ठेवली, तर संध्याकाळी तिच्याच ओट्यातले वजन कमी भरते. म्हणजे चांगले काम केल्याचा दंड आपण तिला करतो, आणि नंतर बाजारात प्रतवारी घसरली की 'मजूर चांगला राहिला नाही' म्हणून कपाळावर हात मारतो.

येथे शेतकरी बंधू म्हणतील, "तुमचे सगळे खरे, पण रोजाने वेचायला लावले तर आम्ही मरू." हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. कारण आम्ही ते करून पाहिले आहे. दोन हंगामांमागे जवळच्याच एका गावात काही शेतकरी आणि वेचणाऱ्या बाया यांना एकत्र बसवून रोजाची वेचणी ठरविली. कापूस असा निघाला की जुनी माणसे हात लावून पाहत. खर्च अर्थातच वाढला. तो माल आम्ही मोठ्या उमेदीने एका व्यापाऱ्याकडे नेला. त्याने मूठभर उचलला, "छान आहे" म्हणाला, आणि भाव दिला तोच, जो पुढच्या गाडीला दिला. त्या दिवशी शेतकरीही आमच्याकडे पाहीनात आणि बायाही पाहीनात. चूक आमची होती. आम्ही मजुरी बदलली, पण ढीग बदलला नव्हता. माल वेगळा राहिला नाही, त्याला नाव लागले नाही, तर चांगल्या कामाचे पैसे कोणी कोणाला द्यायचे?

अकलूजच्या मळ्यापासून घ्यायचा धडा हाच. वेगळा ढीग, त्यावर नाव आणि निवडीची मजुरी, या तिन्ही गोष्टी एकदम आल्या तरच टिकतात. सरकारने २०२० साली भारतीय कापसाला 'कस्तुरी' हे नाव दिले आणि गाठ कोठून आली याचा माग ठेवण्याची सोय केली. ही दिशा ठीक आहे. परंतु नाव लागले म्हणजे मजुरी आपोआप वाढते, असे कोणी समजू नये. तो भ्रम जगाने पाहिला आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाची द्राक्षे जगप्रसिद्ध. तिथे १९६५ च्या सप्टेंबरात डेलानो गावी फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलिआँग यांच्या पुढारीपणाखाली संप पुकारला. मागणी काय, तर तासाला १ डॉलर ४० सेंट. थोड्याच दिवसांत सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्ता यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना मिळाली. १९६६ च्या वसंतात ते डेलानोहून राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत पायी गेले, सुमारे तीनशे मैल. आपल्या वारीसारखेच, पुढे देवीचे निशाण घेऊन. दिंडी पोचता पोचता पहिला करार झाला, तो शेन्ली या मद्याच्या कंपनीशी, जिचे वाईनच्या द्राक्षांचे मळे होते. ती आधी का नमली? कारण तिच्या बाटलीवर तिचे नाव होते, आणि गिऱ्हाईक नाव पाहून बाटली बाजूला सारू शकत होते. खाण्याच्या द्राक्षांच्या मालकांशी करार व्हायला १९७० साल उजाडले. तेव्हा मित्रहो, नाव ही दुधारी वस्तू आहे. त्याने मालकाला भाव मिळतो, तशी मजुराला मालकाची मानगूटही सापडते. बिननावाच्या ढिगाशी भांडायचे कोणी?

म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या हंगामात गावागावात दहा-वीस शेतकऱ्यांनी वेचणाऱ्या बायांसह आधी बसावे. वेचणी रोजाने ठरवावी, कापूस वेगळा साठवावा, वेगळा जिनवून घ्यावा, आणि गाठीवर गावाचे नाव व साल घालून ती विकावी. जो जादा भाव येईल त्यातला बायांचा वाटा पेरणीपूर्वीच कागदावर लिहावा. मागाहून देऊ, या शब्दावर आमचा विश्वास नाही. पहिल्या वर्षी कदाचित फसेल. आम्ही एकदा फसलो आहोत, आता कोठे फसलो ते ठाऊक आहे.

त्या मळ्यातून निघताना ती बाई आम्हांस म्हणाली होती, "दादा, बाटलीवर आमचं नाव नको. पण बाटली विकली की आमाला कळलं तर पाहिजे." यापेक्षा अधिक काही आम्हांसही मागायचे नाही.