लहान मुलांना शीव आखून द्या

आजचा विषय पिकाचा नाही, पण शेतावरचाच आहे. कामाच्या दिवसांत आपण रानात असतो, तेव्हा लहान मुलेही बांधावर असतात. त्यांना मोकळे किती सोडावे आणि आवरावे किती, याचा आज विचार करू.

मुंबईत शीव कोळीवाडा म्हणून जुनी वस्ती आहे. शीव म्हणजे हद्द, हे तुम्हाला सांगायला नको. मुंबई बेटाची हद्द तिथे संपायची आणि पुढे खाडी लागायची. आज तिथे रस्ते नि इमारती झाल्या, पण कोळी लोकांची रीत आपल्या कामाची आहे. पाण्यापासून लांब ठेवून कोळ्याचे पोर तयार होत नाही. मात्र त्याला भरती-ओहोटी ओळखता आली पाहिजे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, अमावस्या-पौर्णिमेला उधाण येते. ही ओळख थोरांबरोबर चिखलात उतरूनच होते.

आपणही टोमॅटो-मिरचीचे रोप लावणीआधी पाणी कमी करून कणखर करतो. पण पाणी बेताबेताने कमी करतो, एकदम तोडत नाही. मुलांच्या बाबतीत हेच धोरण ठेवा. वयाप्रमाणे शीव आखून द्या.

१) तीन वर्षांपर्यंत मूल हाताच्या अंतरावर असावे. एवढे मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकते.

२) तीन ते सहा वर्षांपर्यंत नजरेच्या टप्प्यात असावे. माती, ढेकळे, पाटाचे उथळ पाणी यांत खेळू द्या, पण कोणीतरी मोठे माणूस जवळ हवे. 'सगळे बघताहेत' म्हणजे कोणीच बघत नाही. म्हणून एका माणसाचे नाव घेऊन काम सोपवा.

३) त्यापुढे हाकेच्या अंतरावर चालेल. झाडावर चढू द्या, मात्र उचलून फांदीवर बसवू नका. जे मूल आपले आपण चढते, ते आपल्या बेताने चढते. खरचटले तर धुऊन पुसून घ्या, ओरडू नका.

फांदीची उंची मुलाला दिसते, म्हणून ते जपून पाय टाकते. पण काही धोके त्याला दिसत नाहीत. ते दूर करणे हे आपलेच काम.

पहिला धोका शेततळ्याचा. प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की पोहणाऱ्या गड्यालाही वर येता येत नाही. चहूबाजूंनी कुंपण घाला, फाटकाला कडी लावा. काठावर खुंट रोवून गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडा. फुगवलेली जुनी ट्यूब बांधून ठेवा. कोणी पडले तर दोर नि ट्यूब टाका. मागोमाग उडी घेऊ नका, त्याने दोघे जातात.

दुसरा, बंद पडलेली बोअर. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली याबाबत नियम घालून दिले आहेत. बोअर निकामी झाली तर ती तळापासून वरपर्यंत माती-दगडांनी भरून टाका. वर पोते किंवा काटेरी फांदी टाकून भागत नाही.

तिसरा, औषधे. कीटकनाशक कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. डब्यावर लाल त्रिकोण म्हणजे अति जहाल विष. कुलूप लावून उंचावर ठेवा. पोटात गेलेच तर उलटी करवू नका, डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

चौथा, विंचू-साप. दगड, गवताची गंजी, सरपण यांत हात घालायचा नाही, हे मुलांना आधीच शिकवा. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि अनेकांचे प्राण वाचले. मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, अशी लक्षणे दिसली तर मांत्रिकाकडे वेळ दवडू नका. साप चावल्यास चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. तो अवयव न हलवता १०८ ची गाडी बोलवा.

आज दिवस मावळायच्या आत शेताला एक फेरी मारा. उकिडवे बसून, मुलाच्या उंचीवरून बघा. जे हाताला लागेल, जिथे पाय घसरेल, ते आधी नीट करा. मग पोरांना खुशाल रानात सोडा.