मार्सेल्स : ऐकलेलें आणि पाहिलेलें



फ्रान्सच्या नकाशावर दुसरें एकहि गांव ज्याला दाखवितां येणार नाहीं, अशा मराठी मनुष्यालाहि मार्सेल्स हें नांव ठाऊक असतें. आगबोटीच्या गवाक्षांतून स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं तेथें मारलेली उडी आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. मीं तर ती नुसती ऐकली नाहीं. तीस-बत्तीस वर्षें वर्गांत मुलांना सांगितली आहे. खवळलेला समुद्र, डोंगराएवढ्या लाटा, मैलोगणती पोहणें, असें सारें वर्णन मी हातवारे करून करीत असें, आणि पुढच्या बाकावरचीं मुलें श्वास रोखून ऐकत असत. त्या गोष्टीविषयीं मला आज एक कबुली द्यावयाची आहे. पण ती शेवटीं. आधीं आपण तें शहर पाहूं या.

माझी कन्या व जांवई नोकरीनिमित्त तिकडे असल्यामुळें मला तेथें दोन आठवडे राहण्याचा योग आला. पासष्टीला टेकलेलें वय, कुरकुरणारे गुडघे, आणि फ्रेंच भाषेचा गंधहि नाहीं, अशा स्थितींत जें पाहतां आलें तेंच सांगणार आहें.

मार्सेल्स, किंवा तेथील लोकांच्या उच्चाराप्रमाणें मार्सेय, हें भूमध्य समुद्रावरील फ्रान्सचें फार प्राचीन बंदर. इसवी सनापूर्वीं ६०० च्या सुमारास आजच्या तुर्कस्थानच्या किनाऱ्यावरील फोकिया नगरांतून ग्रीक दर्यावर्दी आले व त्यांनीं तें वसविलें. त्यांची दंतकथा मोठी गोड आहे. ग्रीक लोक किनाऱ्याला लागले त्या दिवशीं तेथील राजाच्या कन्येचें लग्न ठरावयाचें होतें. ज्याच्या हातीं ती पेला देईल तो तिचा वर. जिप्टिस नांवाच्या त्या कन्येनें पेला दिला तो परक्या प्रोटिसच्या हातीं, आणि राजानें जांवयाला नगर वसविण्यासाठीं जागा दिली. आपल्याकडील स्वयंवराची आठवण यावी अशीच ही कथा.

ती जागा म्हणजेच आजचें जुनें बंदर. तीन बाजूंनीं घरें आणि चौथ्या बाजूला समुद्राचें तोंड. सकाळीं कोळी आपल्या होड्यांतून थेट धक्क्यावर मासळी उतरवितात आणि मेजें मांडून विकतात. जवळच २०१३ सालीं नॉर्मन फॉस्टर या वास्तुशिल्पज्ञानें उभारलेलें एक छप्पर आहे. बारीक खांबांवर पोलादाचा चकचकीत पत्रा, ४६ मीटर लांब व २२ मीटर रुंद. खालून मान वर केली कीं आपण, गर्दी, होड्या, सारें उलटें दिसतें. लहान मुलांची तेथें मोठी गंमत चालते. आणि खरें सांगावयाचें तर मीहि बराच वेळ वर पाहत उभा होतों. एका काठावरून दुसऱ्या काठाला नेणारी छोटी नाव १८८० सालापासूनची. बुईयाबेस नांवाचें माशांचें कालवण ही येथील खासियत. मी शाकाहारी, म्हणून त्याची चव जांवयाच्या मुखानें घेतली. ती गोष्ट माझ्यापुरती ऐकीवच राहिली.

बंदराच्या दक्षिणेस सुमारें दीडशें मीटर उंचीची टेकडी आहे. तिच्यावर १८६४ सालीं अर्पण झालेलें नोत्र दाम द ला गार्द हें मंदिर आहे. मनोऱ्यावर मेरीमातेची अकरा मीटरांहून उंच अशी सोनेरी मुलामा दिलेली मूर्ति आहे. गांवचे लोक तिला 'भली आई' म्हणतात. आंत गेल्यावर छताकडे पाहावें. तेथें दोऱ्यांनीं लहान लहान जहाजें टांगलेलीं आहेत, आणि भिंतींवर वादळांत सांपडलेल्या गलबतांचीं चित्रें. समुद्रांतून जिवानिशीं परत आलेल्यांचे हे नवस. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावरील कोणाहि माणसाला त्यांचा अर्थ सांगावा लागणार नाहीं. बाहेर दगडांवर ऑगस्ट १९४४ मधील लढाईच्या गोळ्यांच्या खुणा आहेत. शहराची बस थेट वर जाते. तेव्हां गुडघ्यांनीं भिण्याचें कारण नाहीं.

टेकडीवरून समुद्रांत पांढऱ्या खडकांचीं बेटें दिसतात. त्यांतील लहानशा बेटावर शातो दीफ नांवाचा किल्ला आहे. १५२४ पासून सात वर्षांत तो बांधला गेला, आणि पुढें शतकेंच्या शतकें तुरुंग म्हणून वापरला गेला. जुन्या बंदरांतून होडीनें तेथें जातां येतें. मात्र मिस्त्राल हा उत्तरेचा सोसाट्याचा वारा सुटला कीं होड्या बेटाला लागत नाहींत. अलेक्झांडर ड्यूमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या कादंबरीचा नायक याच किल्ल्यांत कोंडलेला होता. तो नायक कल्पनेंतला. तरी त्याची कोठडी प्रवाशांना दाखविली जाते आणि लोक तिच्यासमोर उभे राहून छायाचित्रें काढतात. आपल्या धर्ममतासाठीं येथें खितपत पडलेल्या खऱ्याखुऱ्या प्रॉटेस्टंट कैद्यांची आठवण थोड्यांनाच होते. तेथें उभा असतां माझ्या मनांत आलें, कथा मनुष्यापेक्षां जास्त जगते, हें तर खरेंच; पण कधीं कधीं ती मनुष्याची जागाहि बळकावते.

या बेटांशीं आपला एक चमत्कारिक संबंध आहे. गुजरातच्या सुलतानानें पोर्तुगीजांना भेट दिलेला एक गेंडा १५१५ च्या जानेवारींत गोव्याहून गलबतानें निघाला व मे महिन्यांत लिस्बनला पोहोंचला. पोर्तुगालच्या राजानें तो पुढें पोपला नजराणा म्हणून धाडला. वाटेंत १५१६ च्या आरंभीं मार्सेल्ससमोरच्या एका बेटावर त्याला उतरविलें, आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस त्याला पाहण्यास मुद्दाम आला. पुढें इटलीच्या किनाऱ्याजवळ गलबत बुडालें आणि बिचारा गेंडाहि बुडाला. इकडे जर्मनींत ड्यूरर या थोर चित्रकारानें गेंडा न पाहतां, केवळ आलेल्या वर्णनावरून व एका रेखाटनावरून त्याचें चित्र काढलें, आणि त्याच्या पाठीवर एक जादा शिंग बसवून दिलें! दोनशें वर्षांहून अधिक काळ युरोपांतील पुस्तकांतून तें शिंग तसेंच राहिलें. हें शिंग, श्रोतेहो, आपण ध्यानांत ठेवावें.

किल्ल्याच्या पलीकडे फ्रिऊल बेटें आहेत. तेथें लोक आज पोहावयास व उन्हांत पडावयास जातात. एके काळीं तीं क्वारंटाइनचीं बेटें होतीं. २५ मे १७२० रोजीं पूर्वेकडून कापडाचा माल घेऊन एक जहाज येथें आलें. प्रवासांत त्यावरील कांहीं माणसें दगावलीं होतीं. नियमाप्रमाणें माल दूर ठेवावयाचा. पण जत्रेची वेळ जवळ आलेली आणि व्यापाऱ्यांना निकड. तो शहरालगतच्या क्वारंटाइनगृहांत उतरविला गेला, आणि प्लेग शहरांत शिरला. नव्वद हजारांच्या आसपास असलेल्या वस्तीपैकीं जवळजवळ निम्मी माणसें मेलीं. ज्या महाराष्ट्रानें १८९७ चा प्लेग पाहिला, त्याला या बेटांवर केवळ हवा खाण्यासाठीं हिंडणें जड जातें.

परंतु सर्वांत जास्त मला आवडलें तें लाँशां महाल. हा कोणा राजाचा वाडा नव्हे. हा पाण्याचा वाडा आहे. हें शहर पूर्वीं पाण्याच्या टंचाईनें गांजलेलें होतें. १८३५ च्या सुमारास पटकीनें कहर केल्यावर दूरच्या ड्यूरांस नदीचें पाणी आणावयाचें ठरलें. माँत्रिशे या इंजिनियरच्या देखरेखीखालीं कालवा खणला गेला आणि १८४९ सालीं पाणी शहरांत आलें. त्या आनंदाप्रीत्यर्थ १८६९ सालीं हा महाल पुरा झाला. मध्यें बैलांच्या मूर्तींतून कोसळणारा धबधबा, दोन्ही हातांना अर्धवर्तुळाकार खांबांच्या रांगा, एकीकडे चित्रसंग्रह, दुसरीकडे निसर्गेतिहासाचें संग्रहालय, आणि मागें बाग. उन्हाळ्यांत टँकरच्या मागें घागरी घेऊन धांवणारीं माणसें मीं आयुष्यभर पाहिलीं आहेत. पाण्यासाठीं देऊळ बांधावें तसा महाल बांधणारे लोक मला परके वाटले नाहींत.

समुद्रकिनाऱ्यावरचा आनंद तर फुकटच आहे. प्राडोची रुंद चौपाटी १९७० नंतरच्या दशकांत भुयारी रेल्वेच्या खोदाईंतून निघालेल्या मातीनें भर घालून तयार केली. म्हणजे खोदाईचा राडारोडा गरिबांच्या मुलांना खेळावयास मिळाला. दक्षिणेस कालांक म्हणजे चुनखडीच्या उभ्या कड्यांमधील निळ्या पाण्याच्या खाड्या आहेत. २०१२ पासून तें राष्ट्रीय उद्यान आहे. उन्हाळ्यांत वणव्याच्या भयानें वाटा बंद ठेवतात, म्हणून चौकशी करूनच जावें. तेथेंच १९८५ सालीं हेन्री कोस्केर या पाणबुड्याला समुद्राखालीं ३७ मीटरवर तोंड असलेली गुहा सांपडली. आंत हजारों वर्षांपूर्वीं माणसानें काढलेले घोडे व पाणपक्षी आहेत. खऱ्या गुहेंत सामान्य माणसाला जातां येत नाहीं. म्हणून २०२२ सालीं बंदराजवळ तिची हुबेहूब प्रतिकृति उघडली आहे. प्रतिकृति असली तरी ती 'प्रतिकृति' असेंच सांगून दाखवितात, हें मला विशेष वाटलें.

आतां माझी कबुली. जुन्या बंदराच्या कांठीं उभे राहून 'उडी हीच का ती जागा' असें पुष्कळ मराठी प्रवासी विचारतात. मोठ्या आगबोटी तेथें येत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उत्तरेस ज्योलिएतकडे नवीं बंदरें बांधलीं गेलीं. १८६९ सालीं सुएझचा कालवा झाल्यावर मुंबईचे पुष्कळ उतारू याच वाटेनें जात. आज तेथें २०१४ सालीं उघडलेला एक मोठा बाजार आहे आणि त्याला समुद्राकडे लांबलचक सज्जा आहे. माणसें आइसक्रीम खात कॉर्सिकाला व अल्जीरियाला जाणाऱ्या बोटी पाहत बसतात. मीहि त्यांत बसलों. जांवयानें हेगच्या लवाद न्यायालयाचा निवाडा छापून आणला होता. तो मला समजावून सांगितला, आणि मी खालीं पाणी पाहत राहिलों.

तेथें लाटा नव्हत्या. धक्क्यांच्या आंत कोंडलेलें स्थिर पाणी होतें. ८ जुलै १९१० रोजीं 'मोरिया' बोट बंदरांत उभी असतां सावरकर गवाक्षांतून निसटले, पोहून किनाऱ्याला लागले आणि धांवूं लागले. फ्रेंच सागरी पोलिसांतील एका अंमलदारानें त्यांना पकडलें. बोटीवरून आलेल्या तिघांच्या मदतीनें त्यांना परत नेण्यांत आलें, आणि दुसऱ्या दिवशीं बोट निघून गेली. २४ फेब्रुवारी १९११ रोजीं न्यायालयानें सांगितलें कीं ताब्यांत देण्यांत अनियमितपणा झाला, तरी कैद्याला परत करण्याचें ब्रिटिशांवर बंधन नाहीं. मैलोगणती पोहणें कोठेंच नाहीं. तें माझें होतें. ड्यूररच्या गेंड्याच्या पाठीवरचें तें शिंग मीं तीस वर्षें मुलांच्या वह्यांत काढीत आलों.

आणि तें काढण्याची गरज काय होती? पहाऱ्यांतला निःशस्त्र तरुण, परका मुलूख, मागें पाठलाग, आणि पुढें फ्रान्सच्या भूमीवर आश्रय मिळेल एवढी एकच आशा. त्या थोड्या पाण्यांत जें धैर्य होतें तें लाटांनीं वाढत नाहीं. उलट मुलांना वाटत राहतें कीं धैर्य हें खवळलेल्या समुद्रांतच असतें, आपल्या आवांक्यांतल्या पाण्यांत नव्हे.

निघण्यापूर्वीं माझार्ग येथील युद्धस्मशानांत गेलों. १९१४ च्या सप्टेंबरअखेरीपासून हिंदी पलटणी याच बंदरांत उतरल्या. लाहोर डिव्हिजनबरोबर खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्याहि होत्या. ज्यांचें दहन झालें अशा हिंदी सैनिकांचें तेथें स्मारक आहे. त्यांच्याविषयीं मीं वर्गांत कधीं एक अक्षरहि सांगितलें नव्हतें.

माझे जुने विद्यार्थी हें भाषण ऐकत असतील तर त्यांनीं ती गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी. फक्त लाटा वगळाव्या. आणि मार्सेल्सला जाण्याचा योग आला तर टेकडी, बेटें, पाण्याचा महाल सारें आनंदानें पाहावें, आणि अर्धा तास त्या सज्जावर बसून खालचें शांत पाणीहि पाहावें.