रक्कम थोडी, मुदत लांब



संमेलनाच्या स्वागताध्यक्षाने गावाचा महिमा सांगावा, देणगीदारांचे आभार मानावेत आणि खाली बसावे, असा प्रघात आहे. आभार मानतोच, पण देणगीचा विषय निघालाच आहे, तर थोडे त्याबद्दलच बोलतो. संकटात सापडलेल्या प्राणी-पक्ष्यांसाठी चाललेल्या लहान प्रकल्पांना किती पैसा द्यावा, यावर आपल्याकडे पुष्कळ खल होतो. तो किती वर्षे देत राहावा, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. या कामात रकमेपेक्षा मुदतीला जास्त मोल आहे, असे माझे मत आहे.

वेळासचेच पाहा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली मंडणगड तालुक्यातल्या या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांसाठी काम सुरू केले. तिथे नेमका खर्च कशावर होतो? पहाटे कुणीतरी किनारा पायी तुडवायचा, वाळूवर उमटलेल्या मादीच्या खुणांवरून घरटे हुडकायचे, शंभरेक अंडी हलक्या हाताने काढून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची, तारीख लिहायची. पुढे पन्नासेक दिवस राखण. पिल्ले वर यायची वेळ झाली की खड्ड्यावर टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायची. जाळी, टोपली, बांबू यांचे पैसे ते कितीसे! खरा खर्च राखण करणाऱ्याच्या मजुरीचा, आणि तो हंगामभर चालतो. गंमत अशी की आपले आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि त्याच सुमारास टोपल्यांखाली पिल्लांची वळवळ चालू असते. अहवाल मागवला जातो, पुढचा हप्ता अडतो आणि किनाऱ्यावरचा माणूस आंब्याच्या कामाला निघून जातो. शिवाय मादी अंडी घालण्याच्या वयाला यायला दहाहून अधिक वर्षे लागतात. एका वर्षाच्या अनुदानाकडे कासवांची संख्या वाढल्याचा पुरावा मागणे म्हणजे कलम लावल्याच्या दुसऱ्या दिवशी पेटी भरायला बसणे.

किनाऱ्यावर कायम माणूस असला की काय हाती लागते, याचे एक ताजे उदाहरण आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली पायाला धातूची खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवे वेगळी, या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला. पट्टी स्वस्त, शोध मोठा. पण त्या रात्री किनाऱ्यावर कुणी नसते, तर पट्टी असून नसून सारखीच.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो, आणि तो वजनदार आहे. गावोगाव अशी चिमूटभर कामे करून प्रजाती वाचत नाहीत. धोका देशव्यापी असेल तर उपायही देशव्यापी हवा. पुरावा म्हणून गिधाडे दाखवली जातात. पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात १९९२ ते २००७ या काळात नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. कारण होते जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध. गावकऱ्यांनी झाडावरची घरटी कितीही जपली असती, तरी औषध दिलेल्या मेलेल्या बैलाचे मांस खाऊन गिधाड मेलेच असते. डायक्लोफिनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर २००६ साली आलेली बंदी आणि २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅकवर आलेली बंदी ही सरकारचीच कामे, हे मान्य. पण घट झाली, हे कळले कसे? भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. त्याच जागी १९९०च्या दशकात पुन्हा मोजणी झाली, म्हणून फरक दिसला. एकाच जागेची नोंद वर्षानुवर्षे ठेवणे हे काम दिसायला क्षुल्लक आहे. सरकारच्या बंदीआधी कुणीतरी ते केलेले असावे लागते.

दुसरे म्हणणे असे, की प्रकल्पाने आपल्या पायावर उभे राहावे, पर्यटन करावे. वेळासला कासव महोत्सवामुळे घरगुती निवास-न्याहारीतून गावात पैसा आला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिचा नियम करू नये. वेंगुर्ल्याच्या खडकांवर पाकोळ्यांची घरटी चोरीला जात. तिथे पर्यटकांच्या होड्या नेल्या तर संरक्षण कुणापासून करायचे, हाच प्रश्न पडेल. १८८४ नंतर थेट १९९७ साली नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ पुन्हा दिसलेला रानपिंगळा आठवड्याच्या सुट्टीला तिकीट लावून दाखवता येत नाही. बहुतेक दुर्मीळ प्रजाती अशाच, गर्दीला न मानवणाऱ्या. त्यांच्यासाठी कुणीतरी परतफेडीची अपेक्षा न ठेवताच पैसा द्यायला हवा.

राहिला हिशेबाचा मुद्दा. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोखच हवा, पण तो कामाच्या आकाराला शोभेल असा हवा. महाराष्ट्रात २०१८पासून एक योजना आहे: जाळ्यात कासव, देवमुशी मासा किंवा दुसरा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून तो सोडला, तर छायाचित्र किंवा चित्रफितीच्या पुराव्यावर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मच्छीमाराला इथे शोधनिबंध लिहावा लागत नाही. अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद प्रजाती निधीची एका अनुदानाची कमाल मर्यादाही २५,००० आहे, डॉलर अर्थात! चलन सोडा, दोन्हीकडे मर्यादा ठरलेली आहे आणि पैसा कोणत्या कामाला, कोणत्या जीवासाठी, हे स्पष्ट आहे.

म्हणून स्वागत समितीने या संमेलनापुढे ठेवण्यासाठी एका स्थानिक निधीचा मसुदा केला आहे. अनुदान लहान, पण किमान पाच वर्षांचे. हप्ता आर्थिक वर्षाला न जोडता त्या प्रजातीच्या विणीच्या हंगामाला जोडलेला. निम्म्याहून अधिक रक्कम स्थानिक माणसाच्या मजुरीसाठी. आणि अहवाल मराठीत, दोन पानांचा. पाच वर्षे थांबायची तयारी नसलेल्या देणगीदाराला नम्रपणे नकार द्यावा, असेही एक कलम आहे. त्यावर समितीतच मतभेद झाले, हे लपवत नाही. मसुद्याच्या प्रती नोंदणीच्या टेबलावर आहेत. उद्या दुपारच्या खुल्या सत्रात त्यावर चर्चा होईल; ज्यांना दुरुस्त्या सुचवायच्या आहेत, त्यांनी त्या आज संध्याकाळपर्यंत लेखी द्याव्यात.