मैदानावरची विषमता
(धुळे येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणावरून)



शेतीमालाचे भाव आणि पाणी यांवर बोलणाऱ्या आपल्या व्यासपीठावरून शाळेतील खेळाच्या तासाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु स्त्री-पुरुष विषमतेचा उघड धडा मुले याच तासाला गिरवितात. मुलगे मैदान व्यापतात. वयात येणाऱ्या मुली कडेला बसतात. त्यांना कोणी हाकलीत नाही. ‘मुलीच्या जातीला शोभत नाही’ एवढे वाक्य पुरते.

मुलीचा देह नाजूक, असे याचे समर्थन केले जाते. खानदेशात तरी ते कोणी करू नये. जळगाव-धुळ्याच्या शिवारात दिवसभर वाकून कापूस वेचताना, डोक्यावरून पाणी वाहताना जो देह नाजूक ठरत नाही, तो खो-खोच्या मैदानावरच कसा ठरतो? बाईने राबावे, पण आनंदासाठी धावू नये, हा न्याय निसर्गाचा नव्हे, मालकीचा आहे.

तो जगभर चालला. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथमच ८०० मीटर धावल्या. त्यांना हे झेपत नाही असे ठरवून ती शर्यत बंद झाली, ती १९६० मध्ये परतली.

राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून मुलामुलींना एकाच शाखेत कवायतीला उभे केले. बेचाळीसच्या लढ्यात अमळनेरच्या लीलाताई पाटील पुढे होत्या. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. परंतु विजेत्यांचे सत्कार करून कडेला बसलेली मुलगी मैदानात येत नाही. तिला पाणी असलेले स्वच्छतागृह हवे, धावता येईल असा गणवेश हवा आणि घरकामात भावाचा वाटा हवा. छेडछाडीचे पालकांचे भय खोटे नाही. पण त्यावर उपाय मैदान सुरक्षित करणे हा आहे, मुलीला घरी बसविणे हा नव्हे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण व मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह बंधनकारक केले आहे. जिल्हा परिषद शाळांच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्या जागांवर नवऱ्यांनी सह्या करू नयेत, हे आपण पाहिले पाहिजे. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या समितीत एकच प्रश्न विचारावा: खेळाच्या तासाला मुली कोठे असतात? उत्तर मिळेपर्यंत तो विचारीत राहावे.