ताई, तू बी चालनी जाशी का?

(साक्री येथे रविवारच्या उपासनेनंतर केलेले भाषण)



पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावरची एक मुलगी. आईबाप ऊसतोडीला गेलेले, मागे आजी वारली. तिच्या प्रकरणात मी तिसरी कार्यकर्ती. पहिल्या दोघी वर्षाच्या आत गेल्या. तिने आपली हकीकत पुन्हा सांगितलीच नाही. एवढेच विचारले, "ताई, तू बी चालनी जाशी का?"

त्या दोघींना मी दोष देत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे निराधार मूल सापडले की, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचे. मग सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत. त्यासाठी घर, शाळा, नातेवाईक, सगळीकडे जावे लागते, आणि हंगामात निम्म्या घरांना कुलूप. समिती धुळ्याला. नेमणुका बहुतेक कंत्राटी. कायमची नोकरी मिळाली की माणूस जाणारच. मीही एकदा राजीनामा लिहिला होता; तो अजून पिशवीत आहे.

डिप्लोमाच्या परीक्षेत मी इथ्रोने मोशेला कामे वाटून द्यायला सांगितल्याचा प्रसंग लिहिला होता, निर्गम १८. गुण चांगले मिळाले. कळले मात्र या कामात.

नाताळला तुम्ही मुलांना कपडे देता, त्याबद्दल आभार. यंदा मला चार माणसे हवीत. धुळ्याच्या तारखेला सोबत यायचे, पुढे महिन्यातून एकदा मुलाला भेटायचे. परवानगी मी काढते. नावे आजच द्या, पण दोन वर्षे टिकणार असाल तरच. त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेले नाही.